कुंडलिकच्या हातची भाकरी

पिंपळवंडी, ता. जुन्नर
११ जानेवारी २०२५

अश्विनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाली असशील तर थांब. आत एक छापील कागद आहे, तो फाटला तर मुंबईहून दुसरा मागवावा लागेल. माझा नंबर तू फोनमध्ये बंद करून ठेवलास असं मंगल म्हणाली. पोस्टमनला बंद करता येत नाही, म्हणून हा मार्ग.

कामाचं आधी सांगते. टीव्हीवाले माझ्यावर सिनेमा काढतायत. थेटरातला नाही, रविवारी दुपारी टीव्हीवर लागतो तसला, दोन तासांचा. 'लोकगायिका चिमा डिंभेकर यांची प्रेमकहाणी.' माझं वय साठ, गुडघे दोन्ही गेलेले, आणि आता प्रेमकहाणी. मंगल पोट धरधरून हसली. चाळीस वर्षं माझ्या मागे उभी राहून ती झील धरते आहे, तिला हसायचा हक्क आहे.

प्रेमकहाणी म्हणजे माझी आणि तुझ्या अण्णांची. दुसरी होतीच कुठे? अण्णा आता नाहीत, म्हणून त्यांच्या वारसांची ना-हरकत लागते. वारस दोघीच, मी आणि तू. माझी सही झाली. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तुझी हवी.

हे सगळं कशावरून निघालं ते तुला ठाऊक आहे. अण्णांच्या दशक्रियेला मी माईक हातात घेतला, त्यावरून. घाटावर पुढाऱ्यांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत अकरा जण बोलले होते. कुंडलिकराव मनमिळाऊ, कुंडलिकराव कष्टाळू, कुंडलिकराव शांत. अकरा जणांची मिळून एकच श्रद्धांजली. मला राहवलं नाही. मी उठून म्हणाले, या माणसाने छत्तीस वर्षं मला भाकरी थापून घातली म्हणून मी गाऊ शकले. मागे गडीमाणसांत खसखस पिकली. तुझ्या सासरचे पुढच्या रांगेत होते. पंगत बसायच्या आधी तू नाशिकला निघून गेलीस, त्याला फेब्रुवारीत तीन वर्षं होतील.

कुणीतरी माझं ते बोलणं फोनवर टिपलं होतं. फिरत फिरत ते मुंबईच्या एका दिग्दर्शक बाईपर्यंत गेलं. हर्षाली नाव तिचं, तुझ्याहून लहान आहे. तिला म्हणे ऐकताना रडू आलं. तुला राग आला, तिला रडू आलं. एकच बोलणं होतं.

सही करून पाठव. नाही केलीस तर का नाही ते लिही. शिवी घातलीस तरी चालेल, अक्षर तरी दिसेल.

तुझी आई

२ फेब्रुवारी २०२५

अश्विनी,

तुझा निरोप मंगलच्या फोनवर आला तो तिने मला वाचून दाखवला. 'अण्णांना भाकऱ्या थापताना दाखवणार असतील तर सही मिळणार नाही. पैलवान दाखवा, बागायतदार दाखवा, काहीही दाखवा.'

चॅनेलवाले तर एका पायावर तयार झाले. त्यांना हेच हवं होतं. आता त्यांच्या कथेत मी भाताच्या खाचरात गाते आहे, अण्णा कुस्ती मारून येतायत, माझा आवाज ऐकून चिखलातून धावत सुटतायत आणि मला पुरातून बाहेर काढतायत. अगं, तुझ्या बापाला चिखलाची किती चीड होती. ओल्या वाफ्यात पाय घालायच्या आधी ते दहा वेळा धोतर वर घ्यायचे. आणि मी डिंभ्याची, नदीकाठची पोर. पुरातून काढायची वेळ आली असती तर मीच त्यांना काढलं असतं.

तुला खरं कधी नीट सांगितलं नाही, ते आता सांगते. १९८५ साली श्रावण दोन आले होते, एक धोंड्याचा आणि एक खरा. पिंपळवंडीच्या सप्ताह कमिटीने डिंभ्याला कार्ड टाकलं: 'श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी दुपारी गौळणींचा कार्यक्रम, सुपारी स्वीकारावी.' कार्ड लिहिणारे चिटणीस तुझे अण्णा. कुठला श्रावण ते लिहायचं राहून गेलं. धोंड्याच्या महिन्यात पुण्य जास्त, म्हणून मुद्दाम ठेवला असेल असं आम्ही धरून चाललो. घोडेगाव, मंचर, नारायणगाव अशा गाड्या बदलत मी, मंगल आणि आणखी दोघी इथे येऊन थडकलो. एक महिना आधी.

देवळात चिटपाखरू नव्हतं. बैलांना वैरण घेऊन चाललेला एक गडी थांबला आणि म्हणाला, "कुनाकडं आलात पावणं?" मी कार्ड पुढे केलं. स्वतःचं अक्षर वाचून त्या गड्याचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना.

चार बाया सकाळपासून उपाशी. ते आम्हाला घरी घेऊन गेले, तर ओसरीवरून तुझे मोठे काका, सोपानभाऊजी, म्हणाले, "डोंगरच्या बाया हायेत, त्यांचं हितं काय रांधायचं न्हाई." अण्णा आत गेले, बाजरीचं पीठ घेतलं आणि आम्हाला मळ्यात विहिरीवरच्या खोपीत आणलं. तीन दगड मांडून चूल पेटवली आणि जन्मात पहिल्यांदा भाकरी थापायला बसले. पहिल्या तीन फाटल्या. मंगल म्हणाली, "आवो द्या हिकडं." तर म्हणाले, "पावण्यांनी बसायचं असतं." चौथी टम्म फुगली. तिच्याकडे ते पहिलं पोर झाल्यासारखे बघत राहिले.

जेवण झालं आणि मी म्हणाले, सुपारी घेतली म्हणजे गायचं. समोर एक माणूस, दोन बैल आणि पाण्याचं इंजिन. नऊ गौळणी म्हटल्या, एकही कमी केली नाही. त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पीठ उडंल तुमच्यावर." हाताला पीठ तसंच होतं.

झालं माझं प्रेम. त्यात ना पूर ना पैलवान.

पुढचं तुला माहीत आहे. लग्न करून आले तेव्हा भाऊजींनी मला चुलीला हात लावू दिला नाही. अण्णा म्हणाले, "मंग तिनं चुलीपाशी जायचंच न्हाई. मी थापीन." आम्ही मळ्यात वेगळे राहिलो आणि ते थापत राहिले. माझे हात टाळ धरायला मोकळे झाले.

तुझ्या शाळेतली पोरं 'कुंडलिकबाईची पोरगी' म्हणून तुझ्या मागे लागायची ते मला कळत होतं. तू घरी येऊन दप्तर फेकायचीस तेही. आणि त्या दिवसांत मी बऱ्याचदा घरी नसायचे हेही मी विसरलेले नाही. पण पैलवान दाखवायचा असेल तर माझी सही मी परत घेते.

तुझी आई

१६ मार्च २०२५

अश्विनी,

हर्षालीचा फोन आला होता. चॅनेलने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. पैलवान नाहीतर काहीच नाही. ती बिचारी माझ्या बाजूने भांडते आहे, पण तुझी सही नाही तर तिचा इलाज चालत नाही. मी तिला सांगितलं, गुंडाळा मग.

मला टीव्हीवर यायची हौस नाही असं खोटं कशाला बोलू? आहे, चांगली दांडगी आहे. आळेफाट्याच्या हॉटेलांतून एकेकाळी माझ्या कॅसेटशिवाय ट्रक हलत नव्हते. आता पोरं विचारतात, कॅसेट म्हणजे काय. आपण मेल्यावर कुणीतरी आपल्याला बघावं असं कुणाला वाटत नाही? पण तुझ्यावर जबरदस्ती करून नको आणि अण्णांना पुसून तर नकोच.

एक गोष्ट मात्र तुला सांगायचीच आहे. दशक्रियेच्या दिवशी सांगायची होती, तिथे हिंमत झाली नाही. आज चार वेळा लिहायला बसून उठले.

तू पाच वर्षांची होतीस. पुण्याला रेडिओवर माझी मुलाखत झाली. बोलणाऱ्या बाई मोठ्या शिकलेल्या, शुद्ध. त्यांनी विचारलं, "संसार आणि गाणं, दोन्ही कसं सांभाळता?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "स्वयंपाकाला घरी बाई आहे."

का बोलले? लाज वाटली म्हणून. त्या काचेच्या खोलीत मला सगळं सांगायचं धैर्य झालं नाही. घरी अण्णा तुला मांडीवर घेऊन रेडिओ ऐकत होते. मळ्याशेजारची दोन-तीन माणसंही बसली होती. मी घरी आले तेव्हा ताट तयार होतं. मी खाली मान घालून जेवले. अण्णा म्हणाले, "त्या बाईला रविवारची सुट्टी देत जा म्हनावं." आणि हसले. पुढे त्या गोष्टीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू लाजलीस तेव्हा दहा वर्षांची होतीस, आणि तुला चिडवणारी पोरं होती. मी लाजले तेव्हा तिशीला आले होते आणि मला कुणी चिडवत नव्हतं. ज्याचं खाल्लं त्याचीच लाज वाटली. म्हणून त्या दिवशी घाटावर उठले. जे तोंडाने बोलले होते ते तोंडानेच खोडायचं होतं. पण तुला विचारलं नाही, तुझी माणसं समोर बसलीत हे पाहिलं नाही, तिथे मी चुकले. अण्णांबद्दल बोलल्याची माफी मागणार नाही, तुला चारचौघांत मान खाली घालायला लावल्याची मागते.

सही करू नकोस. कागद जाळ नाहीतर ठेव. माझ्याकडून विषय संपला.

तुझी आई

९ एप्रिल २०२५

अश्विनी,

परवा पोस्टमन पाकीट देऊन गेला. मंगलने फोडलं.

सही पाहिली. हर्षालीने तुला पाठवलेली कथाही सोबत परत आली आहे, खोपीतल्या भाकरीची, पैलवान काढून टाकलेली. तिच्या चौथ्या पानावर तुझं अक्षर आहे, निळ्या पेनाने: 'बाजरीचं पीठ. ज्वारीचं नाही.'

तीन वर्षांत तुझी मला आलेली ही पहिली ओळ. मी ती मंगलला दोनदा वाचायला लावली. ती म्हणाली, "पिठाचीच तर गोष्ट हाय, येवढं काय त्यात." पण डोळे तिचेही भरले होते.

मंगलने सहीच्या कागदाचा फोटो लगेच हर्षालीला पाठवला, आणि मुदत टळून गेली होती तरी तिने तो चॅनेलवाल्यांपुढे नाचवला म्हणे. आता तेच म्हणतायत की असं काही अजून कुणी दाखवलेलं नाही. मेल्यांना आता सुचलं.

तुझी आई

२२ मे २०२५

अश्विनी,

तू जे केलंस ते मी तुलाच सांगायला बसले आहे. कुणालातरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि मंगलला सांगून उपयोग नाही कारण मी तिच्याकडूनच ऐकलं.

चार दिवसांपूर्वी शूटिंगचा खोपीतला दिवस होता. मी आळेफाट्याला एका लग्नात गात होते. सुपारी आधी घेतली होती. मी नसणार हे तू मंगलला विचारून घेतलंस आणि त्याच दिवशी आलीस. तिने मला दोन दिवस सांगितलं नव्हतं, पोटात कसं राहिलं देव जाणे.

मंगल सांगते ते असं. मुंबईचा नट, गोरापान, धोतर नेसवलेला, चुलीपुढे बसला होता. पंधरा दिवस शिकला होता म्हणे, पण भाकरी त्याचं ऐकत नव्हती. एक फाटली, एक परातीलाच चिकटली. आळेफाट्याच्या हॉटेलातून तयार भाकऱ्या आणून ठेवल्या होत्या, त्या तव्यावर टाकून निभवायचं ठरलं. बांधावर निम्मं गाव जमलेलं. कुणीतरी म्हणालं, "आगदी कुंडलिकबाई दिसतोय राव," आणि सगळे खिदळले.

तेव्हा तू मागून पुढे आलीस. कुणाला माहीतही नव्हतं तू आली आहेस. बांधाकडे वळून म्हणालीस, "कुणाला हसताय? माझ्या बापाला?"

खिदळणं थांबलं. मग त्या नटाला म्हणालीस, "उठा. माझा बाप असं थापत नव्हता."

हातातल्या बांगड्या काढून मंगलच्या ओटीत टाकल्यास. बँकेतली साहेबीण तू, साडी खोचून चुलीपुढे बसलीस. पिठात कढत पाणी घातलंस, मळलंस आणि थापायला लागलीस. हर्षालीने कॅमेरावाल्याला खूण केली आणि तो तुझ्या हातांजवळ जाऊन बसला. पहिलीच भाकरी टम्म फुगली. मंगल म्हणाली, "चिमे, गावात कुनी खोकलं सुदिक न्हाई." अकरा भाकऱ्या केल्यास. पहिली त्या नटाला दिलीस, उरलेल्या बांधावरच्यांना वाटल्यास. जे हसले होते त्यांनाही. खाल्ल्या त्यांनी, खाली बघून.

मी येईपर्यंत थांबली नाहीस. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुझा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी संगमनेरला होते, तुला बँकेचं पत्र आलं तेव्हा ओतूरला. तुझ्या प्रत्येक मोठ्या दिवशी मी कुठेतरी गात होते, तसाच हाही गेला. पण हा तुझा आणि अण्णांचा दिवस होता, माझं तिथे काम नव्हतं. काल मी त्या चुलीपाशी जाऊन बसले आणि मनसोक्त रडले. एवढी खूश मी कुठल्या टाळ्यांनी झाले नव्हते.

आई

१३ ऑक्टोबर २०२५

अश्विनी,

आता तुझा फोन येतो, तरी लिहिते आहे. फोनवर आधी तू बोलतेस, मग मी रडते आणि सांगायचं राहून जातं.

काल तू सांगितलंस की तुझ्या सासूबाईंनी बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना पाच तारखेला, रविवारी दुपारी टीव्हीपुढे बसवलं आणि भाकरी आली तशी म्हणाल्या, "ते हात आमच्या सुनेचे." ज्यांच्यापुढे तुझी मान खाली गेली होती त्याच आता मिरवतायत. मिरवू दे. मीही मिरवून घेतलं.

इथली गंमत ऐक. गावाने देवळाच्या सभामंडपात मोठा पडदा लावला होता. दीड-दोनशे माणूस. पिंपळवंडीचे तर होतेच, डिंभ्याहून माझ्या माहेरची जीप भरून आली होती. मला पुढे खुर्ची, शेजारी मंगल, आणि मंगलच्या पलीकडे कोण येऊन बसावं? सोपानभाऊजी. अठ्ठ्याहत्तरीचे झाले, काठी टेकत आले. चाळीस वर्षांत आम्ही एका ओळीत बसलो नव्हतो. मंगल शहाणी, उठून मागे गेली. मग मधली खुर्ची तेवढी रिकामी राहिली.

ओसरीचा प्रसंग आला. पडद्यावरच्या भाऊजींनी ते डोंगरच्या बायांचं वाक्य म्हटलं. सभामंडपात कुणीही खऱ्या भाऊजींकडे पाहिलं नाही, सगळ्यांनी मुद्दाम पडद्याकडेच पाहिलं. भाऊजी काठीवर हनुवटी ठेवून बसून होते. मला वाटलं उठून जातील. उठले नाहीत.

मग खोप. चूल. आणि पडदाभर दोन हात. पीठ, पाणी, थाप, थाप. बायकांच्या बाजूने कुणीतरी पदराने डोळे पुसले. भाकरी तव्यावर पडली, निखाऱ्यावर गेली आणि फुगली, आणि काय सांगू तुला, अख्ख्या सभामंडपाने टाळ्या वाजवल्या. भाकरीला. माझ्या गाण्याला कधी एवढ्या वाजल्या नाहीत.

टाळ्या थांबल्या तसे भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्ये सिनेमावाल्यांनी कसं केलं? त्ये कुंडलिकचं हात हायेत."

मी म्हणाले, "न्हाई भाऊजी."

"मला सांगतीस? बोट बघ की त्ये."

पडद्यावर पुढची भाकरी थापली जात होती, तेव्हा मी बोट पाहिलं. इतका वेळ मी भाकरीच बघत होते. अण्णांचं उजव्या हाताचं पहिलं बोट कडबाकुट्टीत सापडलं होतं, ते वाकायचं नाही. थापताना ते तेवढं बोट वर धरायचे. तुझं बोट धड आहे अश्विनी, तरी तू ते तसंच वर धरतेस. लहानपणी तू त्यांच्याजवळ बसून शिकलीस, तेव्हा भाकरी अशीच थापायची असते असं तुला वाटलं असणार. दप्तर फेकणारी पोर चुलीपाशी जाऊन बसायचीच, एवढं मला कळायला पडदा लागला.

मी म्हणाले, "भाऊजी, ते अश्विनीचे हात आहेत."

ते पुन्हा पडद्याकडे बघायला लागले. सिनेमा पुढे गेला, आमचं लग्न झालं, माझी पहिली कॅसेट निघाली. जाहिराती लागल्या तेव्हा ते काठी सावरून माझ्याकडे वळले. 

"तिला म्हनावं, चुलत्याला येक भाकर थापून घाल. त्यो हुता तवर मी मागितलीच न्हाई."

आजूबाजूच्यांनी ऐकलं. भाऊजींनी ते मोठ्यानेच म्हटलं होतं, ऐकू जावं म्हणूनच. मी त्यांना म्हणाले, पीठ आमच्याकडे आहे, हात नाशिकला आहेत. विचारून सांगते.

तर विचारते आहे. दिवाळीला येतेस का? तेव्हापासून भाऊजी रोज सकाळी आपल्या मळ्यातल्या ओसरीवर येऊन बसतायत.

आई